सामाईक आठ जीबी

राजेश्वरी चिडली की भांडी घासते. साधी चिडली तर खरकटी, जास्त चिडली तर घासून पालथी घातलेली. त्या सोमवारी दुपारी तिने फळीवरून सणावाराची पितळी परात खाली ओढली आणि चिंच शोधायला लागली, तेव्हा पडवीत बसलेल्या सासऱ्यांनी, आबांनी, नुसत्या आवाजावरून ओळखलं, की प्रकरण घरातल्या माणसाचं नाही. घरातल्या माणसावरच्या रागाला कढई पुरते. परातीपर्यंत जायचं म्हणजे वैरी बाहेरचा असतो.

वैरी आत टेबलावर उघडा पडला होता. राखाडी रंगाचा, चार दिवसांचा, कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक असलेला लॅपटॉप.

हा लॅपटॉप घरात येण्याआधी तो कशाला हवा, हे राजेश्वरीने घरादाराला महिनाभर शिकवलं होतं. इंटिरियरचं शिक्षण, पुण्यात तीन वर्षांची नोकरी, मग कोमलचा जन्म आणि मग साडेतीन वर्षं बेडशातल्या या घरात ‘काय करता?’ या प्रश्नाला ‘सध्या काही नाही’ हे उत्तर. आणि आता तुंगार्लीच्या निर्मलाताईंचं काम चालून आलं होतं. निर्मलाताईंचे तीन बंगले पर्यटकांना भाड्याने जातात, चौथा बांधायचा होता. त्यांची अट एकच. “मला नकाशे कळत नाहीत. मला पडद्यावर त्या बंगल्यात चालून दाखव. शनिवारी चार वाजता. पुण्याचा एक जण सोमवारी येतोय, त्याच्या आधी.”

चालून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला सहा जीबी ग्राफिक्स मेमरी लागते, हे राजेश्वरीने वहीत लिहून ठेवलं होतं, खाली दोन रेघा मारून. लोणावळ्याच्या बाजारपेठेत सत्यमच्या दुकानात पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘१६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक्स (वेगळी)’. तिने तरी विश्वास ठेवला नाही. सत्यमने मशीन चालू करून आतलं पान दाखवलं. एकूण उपलब्ध ग्राफिक्स मेमरी, आठ जीबी. “सोळा आणि आठ, चोवीस झाले ताई,” सत्यम म्हणाला. आठ हे सहापेक्षा जास्त असतात, याला पदवी लागत नाही. राजेश्वरीकडे ती होती, हाच घोटाळा. शिकलेल्या माणसाला एकदा आकडा दिसला की आकड्याशेजारचे शब्द दिसत नाहीत.

घरी आल्यावर आत्याबाईंनी, म्हणजे धोंडाबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, ताट आणलं. या घरात मोटर आली, फवारणीचा पंप आला, सुहासची मोटारसायकल आली, प्रत्येकाला हळदकुंकू लागलं. लॅपटॉपने काय घोडं मारलं होतं? राजेश्वरीला वाटलं, नको म्हणावं. पण आत्याबाईंना नको म्हटलं की तीन दिवस अबोला असतो आणि अबोल्यात आमटी तिखट होते, आणि कोमलला तिखट चालत नाही. म्हणून तिने नुसतं सांगितलं, “झाकणावरच लावा हां, आत नको.” आत्याबाईंनी झाकणावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि वरून अक्षता टाकल्या. अक्षता कुठे जाव्यात यावर आजवर कुणाचंही नियंत्रण राहिलेलं नाही.

रविवारपर्यंत सगळं छान चाललं. एक खोली काढली, चालली. एक जिना काढला, चालला. सोमवारी तिने अख्खा बंगला उघडला. झाडं आली, तळं आलं, आणि मग सोफा काळा पडला. तरणतलाव सिमेंट ओतल्यासारखा राखाडी झाला. पंखा असा घरघरायला लागला, की कोमलने कानांवर हात ठेवून विचारलं, “आई, दळण?” मग पडद्यावर चौकट आली. ग्राफिक्स मेमरी अपुरी आहे, बंद करावं लागेल.

अपुरी? आठ जीबी?

राजेश्वरीने कोमलला गरम मशीनपासून चार हात लांब बसवलं, वायर तिच्या हाताला लागत नाही ना हे दोनदा पाहिलं, आणि आतली पानं उघडायला लागली. तिसऱ्या पानावर ते होतं. स्वतंत्र ग्राफिक्स मेमरी, १२८ एमबी. सामाईक, ७.९ जीबी.

म्हणजे आठ जीबी वेगळे नव्हतेच. रॅमच्या सोळांतलेच आठ ग्राफिक्सच्या नावाने मोजून दाखवले होते. तोच गडी दोनदा हजेरीपटावर.

तिने नवऱ्याला, सुहासला, फोन लावला. सुहास तळेगावच्या कारखान्यात होता. सगळं ऐकून तो म्हणाला, “मी तेव्हाच म्हणत होतो, मला विचारून घे.”

सुहास हे कधीही म्हणाला नव्हता. सुहास म्हणाला होता, ‘तुझं तू बघ, तुला कळतं.’ तिने फोन ठेवला आणि परात काढली.

*

गावात कुणाच्या घरी भांडणाचा आवाज झाला की लोक अंदाज घेत येतात. भांडी घासण्याचा झाला की सरळ आत येतात. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप आजारी असल्याची बातमी देवळापर्यंत गेली.

शेजारची अनिता आली. “अगं, खाली ओली फरशी ठेव. माझ्या भावाचा तसाच तापायचा.”

“हा तापाचा प्रश्न नाही, अनिता.”

“ठेवून तर बघ. फरशी काही पैसे मागते का?”

फरशी ठेवली. लॅपटॉप गार झाला. गार लॅपटॉपने तीच चौकट दाखवली.

मग केरबा आले. केरबा रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि जगातली कुठलीही अडचण त्यांना घाट चढणाऱ्या गाडीसारखी दिसते. “हे बग,” ते म्हणाले, “कर्जतला गाडीला मागनं बँकर लावत्यात. वेगळं इंजिन. पुढचं वढतं, मागचं ढकलतं, तवा गाडी खंडाळ्याला येती. तुज्या गाडीला मागचं इंजिनच न्हाई. सपाटीला पळंल. घाटात बसंल.”

हे इतकं बरोबर होतं, की राजेश्वरीला आणखी राग आला. खरं सांगायचं तर चुकीचा सल्ला देणाऱ्यावर माणूस एकदाच चिडतो. बरोबर सांगून उपाय न देणाऱ्यावर तो आयुष्यभर चिडत राहतो.

मंगळवारी तिने कंपनीच्या फोनवर तक्रार नोंदवायचा प्रयत्न केला. सव्वीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक गोड बाई आली.

“मॅडम, लॅपटॉप सुरू होतो का?”

“होतो.”

“पडदा दिसतो का?”

“दिसतो.”

“बॅटरी चार्ज होते का?”

“होते हो. पण मला जे सांगून विकलं—”

“मग मॅडम, आपली समस्या काय आहे?”

“ग्राफिक्स मेमरी स्वतंत्र नाहीये.”

पलीकडे कळांवर बोटं वाजली. “ती समस्या माझ्या यादीत नाही. मी ‘इतर’मध्ये टाकते. ‘इतर’मध्ये पाणी सांडलं एवढंच येतं. पाणी सांडलंय का?”

“नाही.”

“मग आपला लॅपटॉप उत्तम आहे, मॅडम. आपला दिवस शुभ असो.”

त्या दिवशी घरातले सगळे तांबे लख्ख झाले.

*

बुधवारी ती कोमलला घेऊन स्वतःच लोणावळ्याला गेली. कामशेतपर्यंत जीप, पुढे एसटी. एका खांद्यावर लॅपटॉप, दुसऱ्या हातात कोमल, कोमलच्या हातात अर्धी चिक्की, आणि डोक्यात सत्यमला बोलायची सत्तावीस वाक्यं.

सत्यम उभा राहिला. “या ताई. बसा. पाणी घ्या. बाळाला काय, चॉकलेट?”

सत्तावीसपैकी नऊ वाक्यं तिथेच गेली. चॉकलेट देणाऱ्याला शिव्या देणं हे मध्यमवर्गीयाला जमत नाही, म्हणूनच दुकानदार चॉकलेटं ठेवतात.

उरलेली अठरा तिने सांगितली. सत्यमने शांतपणे ऐकली. मग म्हणाला, “ताई, बिघडला असता ना, तर मी आत्ता, या क्षणी बदलून दिला असता. पण तो चांगला आहे. चांगली वस्तू मी परत कशी घेऊ?”

“म्हणजे घरी नेऊन आपटून आणू?”

“नाही नाही, मग वॉरंटी जाते.”

“तुम्ही पुठ्ठ्यावर ‘वेगळी’ लिहिलं होतं.”

“कुठला पुठ्ठा?” सत्यमने अगदी निरागसपणे फळीकडे पाहिलं. पुठ्ठा नव्हता. बिलावर फक्त मॉडेलचा नंबर होता, जो वाचताना माणसाला दोनदा श्वास घ्यावा लागतो. मग सत्यमने लॅपटॉप बॅगेतून दोन बोटांनी बाहेर काढला, चोरीचा माल काढावा तसा. “आणि हे काय आहे, ताई?”

स्वस्तिक होतं. कपड्याने पुसलं तेव्हा कुंकू गेलं होतं आणि गुलाबी डाग राहिला होता. बिजागरीत हळद होती. सत्यमने मशीन उलटं करून हलवलं, तर कळांच्या फटीतून दोन अक्षता काउंटरवर पडल्या.

“फिजिकल डॅमेज,” सत्यम हळहळत म्हणाला. “आता तर कंपनी बघणारसुद्धा नाही.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनी अक्षतांकडे पाहिलं, मग राजेश्वरीकडे. पदवी, नोकरी, वहीतल्या दोन रेघा, सगळं त्या दोन तांदळांखाली दबून गेलं. तिने बॅग भरली. बाहेर आल्यावर कोमलने विचारलं, “आई, तू रडतेस?”

“नाही. चिडलेय.”

“मग भांडी कुठे आहेत?”

*

गुरुवारी शेजारच्या संदेशने, जो हिंजवडीच्या कंपनीत आहे आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, लॅपटॉप मागून घेतला. “वहिनी, सोपं आहे. आतल्या सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्ससाठी चार जीबी बाजूला काढून ठेवतो.” तो आत गेला, चार जीबी बाजूला काढून आला. बंगला उघडला. सोफ्याला रंग आला. राजेश्वरीने श्वास सोडला. तेवढ्यात बाकी सगळं थांबलं. माऊस थांबला, घड्याळ थांबलं, पडद्यावर निर्मलाताईंच्या बंगल्यातला पंखाही अर्ध्या फेरीत थांबला.

“हं,” संदेश म्हणाला. “रॅम बारावर आली ना. ते चार तिथलेच.”

“म्हणजे?”

“म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. वहिनी, तुम्ही ना, घेताना मला विचारायचं.”

संध्याकाळी आबा चिखलाचे पाय धुवत होते. रखमाजी आबा बोलतात कमी. दिवसभर भाताच्या खाचरात वाकल्यावर बोलायला उरतं काय? त्यांनी विचारलं, “पोरी, झालं का त्येचं?”

“आबा, तुम्हाला नाही कळायचं ते.”

हे बोलून तिचीच जीभ तिला टोचली. आबा “बरं” म्हणाले आणि पाय पुसायला लागले. राजेश्वरीला राहवेना. ती कोमलच्या वेणीला फणी लावत, कोमललाच सांगितल्यासारखं, बोलायला लागली. “एकूण सोळा जीबी आहे. ग्राफिक्सचं स्वतःचं म्हणावं तर नखाएवढं. बाकी काय, तर सोळातलं निम्मं वापरायची परवानगी. पण मालकी रॅमची. रॅमला गरज पडली की ग्राफिक्सने हात आखडायचा. आणि तो मला सांगतो, सोळा आणि आठ चोवीस!”

आबांच्या हातातलं फडकं थांबलं.

“मंजी सामायिक हाय व्हय?”

राजेश्वरीने वर पाहिलं.

“सोळा आण्याची इहीर,” आबा हळूहळू म्हणाले. “त्यात आठ आणं हिस्सा. आन इहीर नावावर दुसऱ्याच्या. असंच का?”

“हो,” राजेश्वरी म्हणाली. “असंच. अगदी असंच.”

आता हे सांगायला हवं, की आबांची चुलतभावाबरोबर एका विहिरीवरून बावीस वर्षं वडगावच्या कोर्टात केस चालू आहे. सामाईक या शब्दाचे जेवढे अर्थ आबांना ठाऊक आहेत तेवढे न्यायाधीशांनाही नसतील. न्यायाधीश बदलत गेले, आबा तेच राहिले.

“पावसाळ्यात सामायिक इहिरीचं भांडान ऐकलंस कंदी?” आबा पुढे सरकून बसले. “न्हाई ऐकायची. समद्यांना पुरतं. तू रविवारपातूर एक खोली, एक जिना करत हुतीस, तवा चाललं का न्हाई? चाललं. त्यो पावसाळा हुता. सोमवारी सगळा बंगला घातलास, तितं चैत लागला. चैतात ज्येचं नाव उताऱ्यावर त्येचीच मोटर चालती. दुसऱ्यानं बादली घिऊन हुबं ऱ्हायाचं. आन त्या संद्यानं काय केलं? इहिरीतलं पानी पिपात भरून ठिवलं. पीप भरलं, इहीर खाली गेली. पानी वाढलं का? न्हाई.”

चार दिवसांत संदेशने, कंपनीच्या गोड बाईने आणि राजेश्वरीने स्वतः जे समजावून सांगितलं नव्हतं, ते आबांनी पाय पुसता पुसता सांगितलं.

“आन ह्यो सत्यम सोळा आण्याच्या इहिरीत चोवीस आणं पानी इकतोय,” आबा म्हणाले. “आमच्या भावकीच्या वर निघाला की. तुज्याकडं पुरावा काय हाय?”

“काही नाही. पुठ्ठा काढून टाकलाय त्याने.”

म्हणाली आणि तिला आठवलं. राजेश्वरी कोमलचे दिवसाला तीस फोटो काढते. पडली तर कुठे पडली, खाल्लं तर किती खाल्लं, नवीन फ्रॉक, जुना फ्रॉक. दुकानातही काढला होता. तिने फोन उघडला. कोमल डोळे मिटून हसतेय, हात लॅपटॉपवर, आणि मागे, डोक्याच्या जरा वर, पुठ्ठा. ‘८ जीबी ग्राफिक्स (वेगळी)’. अक्षर सत्यमचं.

आबांनी फोटो लांब धरून पाहिला. “पोरगी डोळं मिटून हाय,” ते म्हणाले, “पर पुठ्ठ्याचं उघडं हायेत. सकाळी पंचनामा करू.”

*

राजेश्वरीला वाटलं, आबा गंमत करताहेत. शुक्रवारी सकाळी पडवीत सतरंजी पडली आणि तिच्यावर पंच बसले, तेव्हा तिला कळलं की आबा विहिरीच्या बाबतीत गंमत करत नाहीत. केरबा, संदेश, अनिता, गुऱ्हाळवाले गेणू, आणि पलीकडच्या आळीतल्या रतनबाई. लॅपटॉप मध्यभागी ठेवला. संदेशने आतलं पान उघडून सगळ्यांना एकेक करून दाखवलं. रतनबाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “दिसलं. मला वाचता येत न्हाई, पर दिसलं.”

आबा सांगत गेले, राजेश्वरी लिहीत गेली. तिने पुण्यात करार लिहिले होते, पण असं कलम तिच्या हातून कधी उतरलं नव्हतं.

‘पंचनामा. आम्ही खाली सह्या करणारे पंच, राहणार मौजे बेडसे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, समक्ष हजर राहून लिहून देतो ऐसे की, सदर लॅपटॉप रंगाने राखाडी असून त्याच्या चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस चार्जरचे भोक, पश्चिमेस कानात घालायच्या वायरीचे भोक, उत्तरेस पडदा, दक्षिणेस वापरणाऱ्याचे पोट. सदर लॅपटॉपात एकूण मेमरी सोळा जीबी. पैकी ग्राफिक्सच्या मालकीची स्वतंत्र मेमरी एका जीबीचे दोन आणे. बाकी आठ जीबी सामाईक असून मालकी व ताबा रॅमचा, ग्राफिक्सला फक्त वापराचा हक्क. विक्रेत्याने सदर आठ जीबी वेगळी असल्याचे लिहून दाखवले, ते स्थळपाहणीत खोटे आढळले.’

“संद्या, तुझं पीप काढून टाक आदी,” आबांनी मध्येच आठवण करून दिली. “पंचनाम्याला मूळ हालत पायजे.”

संदेशने निमूटपणे चार जीबी परत विहिरीत ओतले आणि पान पुन्हा सगळ्यांना दाखवलं.

चार सह्या झाल्या. रतनबाईंच्या अंगठ्याला शाई नव्हती. आत्याबाईंनी कुंकवाचा करंडा पुढे केला. राजेश्वरीने तोंड उघडलं आणि मिटलं. बुधवारपासून आत्याबाई त्या करंड्याकडे अपराध्यासारख्या बघत होत्या, हे तिने पाहिलं होतं. कुंकवाचा अंगठा लाल आणि स्वच्छ उठला.

मग राजेश्वरीने फोन घेतला आणि निर्मलाताईंना कळवलं. शनिवार, चार वाजता, पण पत्ता बदललाय. बाजारपेठ, लोणावळा.

*

श्रावणातल्या शनिवारी लोणावळ्यात शिरणं म्हणजे भरल्या पोत्यात आणखी एक शेर घालणं. भुशीकडे निघालेल्या गाड्यांची रांग हायवेपर्यंत आलेली. केरबांचा टेम्पो तिच्यात अडकला. पुढे केरबा आणि आबा. मागे राजेश्वरी, तिच्या पोटाशी लॅपटॉप, मांडीवर कोमल, शेजारी आत्याबाई आणि डबा. बाजूच्या मोटारीतल्या एकाने काच खाली करून विचारलं, “मावशी, धबधबा किती लांब आहे?”

“आमी भांडायला चाललोय,” आत्याबाई म्हणाल्या. “धबधब्याचं परतीला इचारा.”

केरबांनी वलवणच्या अंगाने टेम्पो काढला आणि साडेबाराला चौघं दुकानात शिरली. चौघं म्हणजे कोमलला धरून. केरबा टेम्पोला जागा शोधत राहिले, ते शेवटपर्यंत.

सत्यम उभा राहिला. चॉकलेटच्या बरणीकडे त्याचा हात गेला. “खाल्लंय तिने,” राजेश्वरी म्हणाली.

आबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून, विहिरीच्या उताऱ्यांच्या मधून, पंचनामा काढला आणि काउंटरवर सपाट केला. सत्यम वाचायला लागला. दक्षिणेस वापरणाऱ्याचे पोट, इथपर्यंत तो हसत होता. दोन आणे वाचल्यावर त्याने चष्मा लावला. लाल अंगठ्यापाशी तो थांबला. मग राजेश्वरीने फोनवरचा फोटो समोर धरला. मावळातल्या माणसाला पोलिसाची भीती कमी, कोर्टाच्या तारखेची जास्त. आणि सत्यम मावळातलाच होता. त्याच्याही घरी बांधावरून एक दावा चालू होता, हे आबांना कुठून कळलं होतं कोण जाणे.

“पण आबा, हे कुंकू...” सत्यम क्षीणपणे म्हणाला. “कंपनी म्हणते डॅमेज.”

आत्याबाई पुढे झाल्या. त्यांनी सत्यमच्या गल्ल्याशेजारच्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. त्याच्या कपाळावर, बिल छापणाऱ्या यंत्रावर, गल्ल्यावर, तीन ठिकाणी, मागच्या दिवाळीचं स्वस्तिक होतं.

“कुंकू लावलं म्हून वस्तू इटाळली व्हय रं? मग ह्ये समदं भंगारात घाल आदी.”

सत्यमने कपाळ पुसलं. “बरं. बदलून देतो. पण ग्राफिक्सवाला पुण्याहून मागवावा लागेल. आठ दिवस.”

“आठ दिवस नाहीत,” राजेश्वरी म्हणाली. “माझं गिऱ्हाईक चार वाजता येतंय. इथे. तो लाल दिव्यांचा उघडा.”

काचेमागे एक दांडगा लॅपटॉप होता, कळांखाली लाल दिवे लागणारा, खेळ खेळणाऱ्यांसाठी मांडलेला. “तो डिस्प्लेचा आहे, ताई!”

“म्हणूनच.” ती काउंटरच्या आत गेली. जागा मागितली नाही, घेतली. सगळ्यात आधी तिसरं पान उघडलं. स्वतंत्र, सहा जीबी. तिने आबांकडे पाहून मान हलवली. आबा म्हणाले, “सवताची इहीर?” “स्वतःची.” आबा स्टुलावर टेकले, आत्याबाईंनी डबा उघडला, आणि सत्यमच्या दुकानात ठेच्याचा वास पसरला.

सॉफ्टवेअर टाकायला, बंगला चढवायला तीन तास लागले. त्या तीन तासांत गिऱ्हाइकं येत राहिली आणि राजेश्वरी, पडद्यावरून नजर न हलवता, एक डोळा वायरींत फिरणाऱ्या कोमलवर ठेवून, प्रत्येकाला सांगत राहिली. “काका, मुलाला घेताय? ग्राफिक्स सामाईक आहे की स्वतंत्र, विचारा. नुसतं आठ म्हणतील, विचारा कुणाचे आठ. लिहायवाचायला, हिशेबाला सामाईक पुरतं, उगाच महागाचं घेऊ नका. चित्रांचं काम असेल तर मात्र स्वतंत्रच.” न कळणाऱ्याला आबा विहिरीवरून समजावत. एक जण घेतलेला लॅपटॉप पुन्हा खोक्यात घालून विचार करायला घरी गेला. दोघे जण बाहेरच थबकले.

“ताई, हळू बोला ना जरा,” सत्यम कळवळून म्हणाला.

“साडेतीन वर्षं हळूच बोलतेय,” राजेश्वरी म्हणाली.

चारला पाच कमी असताना निर्मलाताई आल्या. भिजलेली छत्री, भुशीच्या गर्दीला दोन शिव्या, आणि मग स्टुलावरच्या आबांकडे, डब्याकडे, वायरींकडे नजर. “हे तुझं ऑफिस?”

“आजचं,” राजेश्वरी म्हणाली, आणि कळ दाबली.

दार उघडलं. निर्मलाताई त्यांच्या न बांधलेल्या बंगल्यात शिरल्या. सोफ्याला रंग होता. जिन्यावर सावली पडत होती. खिडकीतून तुंगार्लीचं तळं दिसत होतं, आणि तरणतलावातलं पाणी, राजेश्वरीने सोमवारपासून स्वप्नात सिमेंट पाहिलेलं पाणी, हलत होतं. कोमल काउंटरखालून डोकं काढून म्हणाली, “आई, दळण नाही.” खरंच, पंखा फक्त कुजबुजत होता.

निर्मलाताई गच्चीपर्यंत चालून आल्या. मग म्हणाल्या, “पडदे मला अजिबात आवडलेले नाहीत.”

राजेश्वरीने वही पुढे ओढली.

“पडदे बदल. आणि त्या पुण्याच्या माणसाला मी नको सांगते. सोमवारी मिस्त्रीला भेटायला ये.”

त्या गेल्या. राजेश्वरी लॅपटॉप बंद करायला गेली, तर सत्यमनेच हात आडवा केला. “ताई, हाच न्या. आत्ता. फक्त उद्या येऊ नका.”

“किमतीतला फरक?” तिने विचारलं.

“फरक त्या पुठ्ठ्याला माग म्हनाव,” आबा म्हणाले. सत्यमने मागितला नाही. पुठ्ठा तर त्यानेच फाडला होता. तो छापील बिल द्यायला लागला, तर आबांनी थांबवलं. “नंबर नको. हातानं लिव. ग्राफिक्स मेमरी सहा जीबी, सवतंत्र.” सत्यमने लिहिलं. “कुनाचाबी हिस्सा न्हाई.” लिहिलं. “इतर हक्क?” आबांनी उताऱ्यातला रकाना विचारला.

सत्यम मावळातलाच होता. त्याने मान खाली घालून लिहिलं, ‘निरंक’.

*

घरी पोचल्यावर आत्याबाई ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. निरांजन, हळद, कुंकू. मग त्यांनाच काहीतरी आठवलं आणि ताट जरा खाली आलं. “लावू का नगं?”

राजेश्वरीने बिल उलटून मागची बारीक अक्षरं वाचली, सगळी, एकही शब्द न सोडता. “सात दिवसांत बदलून मिळतो, आत्याबाई. सात दिवस नको. आठव्याला मीच ताट घेऊन येते.”

“आठवं कशाला? बाराव्या दिशी करू की,” आत्याबाईंचं तोंड उजळलं. “बारशागत.”

तेवढ्यात सुहास कारखान्यातून आला. त्याने लाल दिव्यांचा लॅपटॉप पाहिला, हातातलं बिल वाचलं, ‘निरंक’ला हसला आणि चपला काढता काढता म्हणाला, “बघ. मी तेव्हाच म्हणत होतो—”

आबांनी पडवीतून आत पाहिलं. राजेश्वरी उठली, फळीवरून पितळी परात काढली, चिंचेचा गोळा तिच्यात ठेवला आणि ती सुहासच्या पुढ्यात सरकवली.

परात लख्ख होती. आठवड्यात तिसऱ्यांदा घासलेली.

सुहासने परातीत स्वतःचं तोंड पाहिलं, बाह्या वर केल्या, आणि घासायला बसला.